जुळणारे क्रमांक : जर्मन पिस्तुलांच्या ओळखशास्त्राची चिकित्सा

१

जग ज्याला 'लुगर' म्हणते, त्या जर्मन लष्करी पिस्तुलाची ओळख पटवताना दोन जागा आधी पाहायच्या असतात. एक, वरच्या बाजूला गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा. दुसरी, त्याच्या पुढे नळीच्या मुळाशी असलेले काडतुसाचे घर. १९३९ साली बनलेल्या पिस्तुलाच्या सांध्यावर '४२' हा आकडा असतो आणि घरावर '१९३९'. १९४२ साली बनलेल्या पिस्तुलाच्या सांध्यावर 'बीवायएफ' अशी तीन अक्षरे असतात आणि घरावर '४२'. पहिल्या ठिकाणचा ४२ म्हणजे कारखाना, दुसऱ्या ठिकाणचा ४२ म्हणजे साल. कारखाना मात्र दोन्ही वेळा एकच आहे : नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावातला माउझर.

नवख्याची इथे हमखास फसगत होते. एकच आकडा जागा बदलली की अर्थ बदलतो, हे ज्याला कळले त्याचा या विद्येत प्रवेश झाला असे समजावे. हस्तलिखितांच्या पाठांवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा अनुभव ओळखीचा आहे. पोथीच्या समासातला आकडा पत्रांक आहे, ओवीचा क्रमांक आहे की लेखकाने केलेली बेरीज आहे, हे तो कुठे लिहिला आहे यावरूनच ठरते.

माझ्याकडे पिस्तूल नाही, परवाना नाही आणि दोन्हींची हौसही नाही. काही वर्षांपूर्वी मी राजद्रोह समितीचा, म्हणजे आपण ज्याला रौलट समितीचा म्हणतो तो १९१८चा अहवाल वाचत होतो. त्यात कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या चोरीस गेलेल्या माउझर पिस्तुलांची हकीकत आहे. त्या सर्व पिस्तुलांना क्रमांक होते आणि कंपनीने ते टिपून ठेवले होते, असे समिती सांगते. हे क्रमांक कोण घालत होते आणि कशासाठी, एवढेच मला पाहायचे होते. त्यासाठी संग्राहकांची पुस्तके उघडली आणि त्यांतच अडकलो. या लेखाचा विषय पिस्तुले नसून त्यांना ओळखण्याची ही विद्या आहे. तिने काय कमावले आणि तिच्या हातून काय सुटले, हे मला तपासायचे आहे.

२

आधी कमाई. ही विद्या मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उभी राहिली. युरोपातून परतलेल्या सैनिकांनी हजारो जर्मन पिस्तुले घरी आणली होती. फ्रेड डाटिग यांचे लुगरच्या इतिहासावरचे पुस्तक १९५५ साली आले, तर चार्ल्स केन्यन यांचे 'लुगर्स ॲट रँडम' १९६९ साली. त्यात एकेक प्रकार घेऊन छायाचित्र आणि खुणांचे वर्णन दिले आहे. त्याआधी, १९६७ साली, ब्रीदेड आणि श्रोडर यांनी माउझरच्या १८९६च्या पिस्तुलावर 'सिस्टिम माउझर' लिहिले. पुढे वॉरन बक्स्टन यांनी वाल्थरच्या पी-३८ या पिस्तुलावर अनेक खंड लिहिले आणि जॅन स्टिल यांनी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांच्या पिस्तुलांवर ग्रंथांची मालिकाच काढली. यांतले बहुतेक जण विद्यापीठातले इतिहासकार नव्हते. पण त्यांची शिस्त पाहिली की अनेक प्राध्यापकांनी मान खाली घालावी.

शिस्तीचा एक नमुना देतो. व्हर्सायच्या तहानंतर जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर कडक बंधने होती. १९३० साली लुगर बनवण्याची यंत्रे बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कंपनीकडून ओबर्नडॉर्फला माउझरकडे गेली. नंतरच्या लष्करी पिस्तुलांवर माउझरचे नाव नाही, 'एस/४२' हा संकेत आहे. आणि सालाच्या जागी काहींवर 'के', तर काहींवर 'जी' एवढे एकच अक्षर. संग्राहकांनी पिस्तुलामागून पिस्तुल पाहून, क्रमांकांचे पल्ले मांडून आणि तपासनिसांचे ठसे ताडून हे कोडे सोडवले. 'के' म्हणजे १९३४ आणि 'जी' म्हणजे १९३५. १९३६पासून साल उघड लिहिले जाऊ लागले. शत्रूपासून दडवण्यासाठी घातलेली खूणच शेवटी दडवणाऱ्याची तारीख सांगू लागली.

दुसरा नमुना दोन सालांचा. काही लुगरांवर '१९१७' आणि '१९२०' असे दोन आकडे एकावर एक आढळतात. पहिले साल निर्मितीचे. दुसरे मात्र पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर, शस्त्र सरकारी मालकीचे आहे हे दाखवण्यासाठी १९२० साली मारलेला शिक्का आहे. तेव्हा घराघरांत लष्करी शस्त्रे दडलेली होती आणि सरकारी कोणते, चोरलेले कोणते हे कळायला मार्ग हवा होता. कोसळलेल्या साम्राज्यानंतरची सगळी अनागोंदी त्या चार आकड्यांत आहे.

आणि तिसरा नमुना रंगाचा. माउझरच्या सुरुवातीच्या लुगरांवर चाप, सुरक्षा-कळ असे लहान भाग गवताच्या काडीसारखे पिवळसर दिसतात. पोलाद ठरावीक उष्णतेपर्यंत तापवले की तो रंग येतो. १९३७च्या सुमारास कारखान्याने झिलईची पद्धत बदलली आणि हे भागही निळे-काळे झाले. त्यामुळे १९३९च्या पिस्तुलावर पिवळा चाप दिसला की जाणकार सावध होतो. एकतर भाग बदललेला आहे, नाहीतर पिस्तूल नंतर कोणीतरी 'नटवले' आहे. नंतर पॉलिश केलेल्या पिस्तुलावर ठशांच्या कडा बोथट होतात, कोपरे गोल होतात. कागद, शाई आणि वळण पाहून पोथीचा काळ ठरवणाऱ्याचे काम याहून फार वेगळे नाही.

३

आता पहिला आक्षेप. तो नावांचा आहे.

जर्मन सैन्यात या पिस्तुलाचे नाव 'लुगर' नव्हते. लष्करासाठी ते 'पिस्तूल ०८' होते, कारण सैन्याने ते १९०८ साली स्वीकारले. व्यापारात ते 'पाराबेलम' होते. हा डीडब्ल्यूएम कंपनीचा तारेचा पत्ता. गेऑर्ग लुगर हे रचनाकाराचे नाव पिस्तुलाला कायमचे चिकटले ते मुख्यतः अमेरिकी बाजारात. स्टोगर या न्यूयॉर्कच्या आयातदाराने १९२०च्या दशकात ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. हे नाव आता रूढ झाले आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढच्या नावांबद्दल आहे. १९४१ आणि १९४२च्या काही 'बीवायएफ' पिस्तुलांना लाकडी मुठीऐवजी काळ्या बेकेलाइटच्या पट्ट्या आहेत. त्यांना संग्राहक 'ब्लॅक विडो' म्हणतात. त्या विषारी कोळिणीचे नाव कोणा जर्मन सैनिकाने वा कारखान्याने दिलेले नाही. ते युद्धानंतर अमेरिकी विक्रेत्यांनी दिले आहे. कारखान्याच्या दृष्टीने तो मुठीच्या साहित्यातला बदल होता. नाव मिळताच तो 'प्रकार' झाला, आणि प्रकार झाला की किंमत वेगळी झाली.

याच्या शेजारी 'रेड नाइन' हे नाव ठेवून पाहा. पहिल्या महायुद्धात पिस्तुले अपुरी पडू लागली तेव्हा १९१६ साली माउझरकडे दीड लाख पिस्तुलांची मागणी नोंदवली गेली. ती नऊ मिलिमीटरच्या काडतुसाची हवी होती, आणि माउझरचे नेहमीचे काडतूस ७.६३ मिलिमीटरचे. घाईत चुकीचे काडतूस भरले जाऊ नये म्हणून मुठीवर मोठा ९ कोरून लाल रंगवला. हे नावही संग्राहकांचेच, पण ते वस्तूवरच्या खुणेतून आणि तिच्या कामातून आले आहे. एक नाव इतिहासाने दिले, दुसरे दुकानाने. संग्राहकांच्या बोलण्यात ही दोन्ही एकाच पंक्तीला बसतात, आणि नव्या वाचकाला त्यांतला फरक कळत नाही.

पी-३८च्या बाबतीत ही प्रकारांची हौस टोकाला जाते. १९४० साली वाल्थरने आपला जुना संकेत '४८०' सोडून 'एसी' हा संकेत घेतला. आधी नुसताच 'एसी', मग त्याला नंतर जोडलेला '४०', मग दोन्ही नीट एकाखाली एक. संग्राहकांच्या लेखी हे तीन स्वतंत्र प्रकार आहेत. क्रम लावण्यासाठी हा भेद उपयोगाचा आहे यात शंका नाही. पण ठसा मारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो नव्या हुकुमाची अंमलबजावणी होण्यात गेलेला काळ होता. पाठभेद आणि लेखनिकाची सवय यांतला फरक पाठचिकित्सेत पहिल्या दिवशी शिकवतात. इथे दोन्हींना सारखे मोल आहे, कारण दोन्हींना सारखे गिऱ्हाईक आहे.

४

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या विद्येचा परमोच्च शब्द आहे 'जुळणारे क्रमांक'. सांगाड्यावर पूर्ण क्रमांक असतो आणि चाप, सांध्याचे दुवे, सुरक्षा-कळ अशा लहान भागांवर त्याचे शेवटचे दोन आकडे. सगळे जुळले तर पिस्तूल 'शुद्ध'. एक जरी दुसरा निघाला तर 'मिश्र', आणि किंमत एकदम खाली.

हे आकडे मुळात का घातले? लुगरचे भाग हाताने घासून एकमेकांत बसवलेले असत. दहा पिस्तुले एकदम उघडून साफ केली आणि भागांची सरमिसळ झाली, तर प्रत्येक भाग प्रत्येक पिस्तुलात नीट बसेलच असे नाही. म्हणून आकडे. ती सैनिकाची आणि शस्त्रागारातल्या दुरुस्तीवाल्याची सोय होती. लष्करी पिस्तुलांवर हे आकडे चटकन दिसतील अशा जागी आहेत, तर नागरी विक्रीच्या पिस्तुलांवर बरेचसे आतल्या बाजूला लपवलेले, म्हणजे शोभेला बाधा येऊ नये. या फरकावरूनच आकड्यांचा हेतू कळतो. पिस्तूल वापरले जाणार, उघडले जाणार, मोडणार आणि दुरुस्त होणार, हे गृहीत धरून ते घातले आहेत.

संग्राहकाने मात्र त्याचा अर्थ उलटा केला. त्याच्या हाती हा आकडा पिस्तुलाला काहीही झालेले नाही याचा दाखला झाला. सर्वांत मोलाचे पिस्तूल कोणते? जे लढाईत गेले नाही, ज्याचा चाप तुटला नाही, जे कोणी उघडले नाही.

याच्या विरुद्ध टोकाची पिस्तुले पाहा. पूर्व आघाडीवर सोव्हिएत सैन्याच्या हाती जर्मन पिस्तुलांचे ढीग लागले. त्यांच्या शस्त्रागारांनी ती उघडली, भाग एकत्र केले, पुन्हा जोडली, झिलईत बुडवली आणि विजेच्या लेखणीने भागांवर नवे क्रमांक ओढले. अनेकांवर 'एक्स' अशी खूण आहे. पूर्व जर्मनीच्या लोकपोलिसांनीही जुनी पी-०८ दुरुस्त करून, नव्या मुठी बसवून, स्वतःचे ठसे मारून वापरली. अशा एका पिस्तुलात ओबर्नडॉर्फचा सांगाडा, दुसऱ्याच पिस्तुलाचा सांधा आणि तिसऱ्याची कळ असू शकते. ते हरले, पकडले गेले, पुन्हा जोडले गेले आणि ज्या राज्याशी लढण्यासाठी बनले त्याच्याच मित्रराज्याच्या पोलिसाच्या कमरेला लागले. विसाव्या शतकाच्या मध्याची गोष्ट सांगणारे याहून बोलके पिस्तूल नसेल. बाजारात ते सर्वांत स्वस्त आहे.

यावर संग्राहकांचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. बनावट माल इतका आहे की शुद्धतेची कसोटी ढिली केली तर बाजार ठगांच्या हाती जाईल. झूल येथील क्रीगहोफ कारखान्याला जर्मन हवाईदलाकडून दहा हजार लुगरांचे कंत्राट मिळाले होते. संख्या थोडी, म्हणून मागणी मोठी, आणि म्हणूनच साध्या लुगरवर क्रीगहोफचे ठसे मारून विकण्याचा मोह मोठा. जुळणारे क्रमांक ही त्याविरुद्धची ढाल आहे. हे मान्य.

पण खोटेपणा आणि बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या कामाचे मोल मराठी वाचकाला सांगायला नको. तरीही शुद्ध प्रत हाती आल्यावर आपण इतर पोथ्या रद्दीत घातल्या नाहीत. कोणत्या गावी कोणी कोणता शब्द बदलला, कोणत्या संप्रदायाने कोणती ओवी जवळ केली, हेही आपण अभ्यासतो. क्षेपक ओळखायचा तो क्षेपक म्हणून, आणि मग तो कोणी व का घातला हे विचारायचे. पिस्तुलांच्या विद्येने पहिली पायरी उत्तम बांधली. दुसऱ्या पायरीवर तिने पाय ठेवला, तरी बाजारभाव तिला मागे खेचतो.

५

तिसरा आक्षेप ठशांत नसलेल्या माणसांबद्दलचा आहे.

पिस्तुलाच्या नोंदीचा साचा ठरलेला असतो : संकेत, साल, क्रमांकाचा पल्ला, तपासनिसाचा ठसा, झिलई, मूठ, होल्स्टर. 'गरुड आणि ३५९' असा ठसा दिसला की वाल्थर कारखान्यात नेमलेल्या लष्करी तपासणी कचेरीने भाग पसंत केला, हे कळते. भाग कोणी घडवला, हा रकाना साच्यात नाही.

वाल्थरच्या उपकंपनीचा एक कारखाना हँबर्गजवळच्या नॉयएनगामे छळछावणीत होता. तिथे कैद्यांकडून लष्करासाठी रायफली बनवून घेतल्या गेल्या. वाल्थरच्या रायफलींवरही 'एसी' हाच संकेत आहे, जो पी-३८वर आहे. कारखान्याची इमारत उभी आहे आणि आज ती स्मारकाचा भाग आहे. ओबर्नडॉर्फच्या माउझरमध्येही युद्धकाळात हजारो परदेशी सक्तमजूर राबत होते. युद्धाच्या शेवटच्या वर्षांतल्या पिस्तुलांवर यंत्राचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. संग्राहक त्याला 'उत्तरकालीन ओबडधोबड काम' म्हणतात आणि त्यावरून साल ओळखतात. ओळख बरोबर आहे. ते काम कोणत्या हातांनी आणि कसल्या धाकाखाली झाले, हा प्रश्न त्या ओरखड्यांपाशीच उभा असतो, पण सहसा विचारला जात नाही.

राडोमचे उदाहरण अधिक बोलके आहे. पोलंडचे 'व्हिस' हे सैनिकी पिस्तूल राडोमच्या सरकारी कारखान्यात बनत असे. १९३९ साली जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतला आणि तेच पिस्तूल स्वतःच्या सैन्यासाठी बनवणे चालू ठेवले. पोलिश गरुड गेला, जर्मन तपासनिसाचा ठसा आला आणि 'पी-३५(पी)' हे नाव आले. कंसातला 'पी' पोलंडचा. कारखान्यातले पोलिश कामगार भाग लपवून बाहेर नेत आणि भूमिगत सैन्यासाठी पिस्तुले जोडत. हे उघड झाल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये राडोममध्ये लोकांना जाहीर फाशी दिली गेली. नळ्या बनवण्याचे आणि अखेरच्या जोडणीचे काम जर्मनांनी ऑस्ट्रियातल्या स्टायरला नेले, म्हणजे राडोममध्ये पूर्ण पिस्तूल जुळताच कामा नये.

ही हकीकत संग्राहकांनाही ठाऊक असते. ते ती सांगतातही. पण ती प्रस्तावनेत राहते. वर्गीकरण होते ते मागच्या बाजूला खाच आहे की नाही आणि कळी तीन आहेत की दोन यावरून. ज्या पिस्तुलांचे भाग टिफिनच्या डब्याएवढ्या जागेत लपवून गावाबाहेर गेले, त्यांच्यासाठी प्रकाराचे नावच नाही. कारण त्यांच्यावर पसंतीचा ठसा नाही, आणि ठसा नाही म्हणजे या विद्येत जन्मनोंद नाही.

ठसा असला तरी तो किती खरे सांगतो, हेही पाहावे. एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच सैन्याने ओबर्नडॉर्फ घेतले आणि माउझरची यंत्रे स्वतःसाठी चालू ठेवली. त्या काळातल्या काही पी-३८वर माउझरचा शेवटचा जर्मन संकेत 'एसव्हीडब्ल्यू' आणि त्यापुढे '४६' असे साल आहे. ज्या सैन्याच्या गुप्ततेसाठी संकेत निर्माण झाला ते सैन्य १९४६ साली अस्तित्वातच नव्हते. संकेत खरा, साल खरे, क्रमांक जुळणारे. आणि तरी 'हे जर्मन पिस्तूल आहे का?' याला सरळ उत्तर नाही.

६

आता ज्या अहवालापासून मी सुरुवात केली, त्याकडे परततो. आपल्याकडे क्रांतिकारकांचे पिस्तूल म्हटले की नाशिकच्या जॅक्सन वधातले ब्राउनिंग आठवते. ती बनावट बेल्जियमची. जर्मन माउझरचे नाव भारतीय इतिहासात आले ते कलकत्त्यातून. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनीच्या कारकुनाने जकात कचेरीतून मालाच्या २०२ पेट्या सोडवून घेतल्या. गोदामात १९२ पोचल्या. उरलेल्या आणायला म्हणून तो गेला, तो परतलाच नाही. गेलेल्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. समितीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतली ४४ पिस्तुले लगेच बंगालमधल्या नऊ गटांत वाटली गेली आणि पुढच्या ५४ गुन्ह्यांत वापरली गेली. अहवाल लिहीपर्यंत ३१ परत मिळाली होती. पिस्तुलाची लाकडी पेटी मुठीला जोडली की ते रायफलीसारखे खांद्याला लावून झाडता येते, हेही समितीने नोंदवले आहे.

समितीला त्या पिस्तुलांची झिलई, ठसे वा दुर्मिळता यांचे काही देणेघेणे नव्हते. तिच्या लेखी क्रमांकाचा एकच उपयोग होता : पकडलेले पिस्तूल रॉडाच्या पन्नासांतलेच आहे, हे सिद्ध करणे. ओबर्नडॉर्फच्या कारागिराने कामाच्या सोयीसाठी घातलेला आकडा कलकत्त्यात पुरावा झाला. हेही वाचन एकांगीच आहे. ज्याला समिती गुन्हा म्हणते त्याला आपण दुसरे नाव देतो, आणि पिस्तूल हाती घेणाऱ्या मुलाच्या मनात काय होते हे क्रमांकांच्या यादीतून कळत नाही. पण निदान त्या वाचनात पिस्तूल कोणाच्या तरी हातात आहे. पोलिसाचा प्रश्न 'याने काय केले?' असा आहे. संग्राहकाचा 'याला काही झाले तर नाही ना?' असा.

संग्राहकांची विद्या मला तुच्छ वाटत नाही. तिने एका अक्षरावरून साल काढले आणि काडीच्या रंगावरून लबाडी पकडली. तिच्याशिवाय मला त्या अहवालातला क्रमांक वाचताच आला नसता. मागणे एवढेच की नावे देताना ते नाव कोणाचे, कारखान्याचे की दुकानाचे, हे सांगावे. 'मिश्र' म्हणून बाजूला टाकण्याआधी भाग कोणी, कुठे व कधी बदलला हे लिहावे. आणि नोंदीच्या साच्यात घडवणाऱ्याचा एक रकाना वाढवावा, मग तो पुष्कळ वेळा रिकामा राहिला तरी चालेल. रिकामा रकाना निदान दिसतो. काढलेलाच नसेल, तर तिथे माणूस होता हे पुढच्या वाचकाला कळायचेही नाही.

४२ हा आकडा कुठे कारखाना सांगतो, कुठे साल. ओबर्नडॉर्फच्या यंत्रांवर त्या साली जे उभे होते, त्यांच्यासाठी कोणताच आकडा कोरलेला नाही.